सेंट ओडिलच्या कॅचरचा ग्लव्ह

लेक वेंडेल, मिनेसोटा
११ फेब्रुवारी २००३

प्रिय गॉर्डन,

पाकिटावरचं नाव वाचून मनात म्हणाला असशील, हा म्हातारा अजून आहे का! आहे. बहात्तर पूर्ण झाली, गुडघे सोडले तर बाकी ठीक. तुझा ॲरिझोनाचा पत्ता सेंट ओडिलच्या पोस्टातल्या बाईंनी दिला. तुला 'तू'च म्हणतो. सात वर्षं माझ्या शाळेच्या बसमधून आला-गेलास, आता अहो-जाहो जमायचं नाही.

कामाचं लिहितो. माझी बायको रोझेला गेल्याला चार वर्षं होतील. ती गेल्यावर मी एक नाद लावून घेतला. बेसबॉलच्या सामन्यांत प्रत्यक्ष वापरलेल्या वस्तू लोक जमवतात, ते तुला माहीत असेलच. मिनियापोलिसला हॉटेलांमधून त्यांचे बाजार भरतात. मोठमोठ्या खेळाडूंच्या मळक्या टोप्या काचेखाली ठेवलेल्या असतात. मीही जमवतो, पण माझी यादी वेगळी आहे. अंपायर म्हणून ज्या सामन्यांत मी चुकलो, त्या सामन्यांतल्या वस्तू मी जमवतो. मागे एका दुकानदाराने माझ्या हातातली तडकलेली बॅट बघून विचारलं, "आजोबा, कुणाची ही?" मी म्हटलं, "हार्लन बेश्टची." "कोण हो हा?" "गाई पाळायचा. मी त्याला चुकून आउट दिलं होतं." तो हसत सुटला. शेजारच्या दुकानदाराला हाक मारून त्याने परत मला तेच सांगायला लावलं.

अजून एक वस्तू राहिली आहे, आणि ती तुझ्याकडे आहे. ऑगस्ट १९७४, मी अंपायर, तू सेंट ओडिलचा कॅचर. शेवटचा डाव, राज्य स्पर्धेत कोण जाणार ते त्या एका धावेवर. तू होम प्लेटवर वाकून, धाव पुरी करायला आलेल्या पलीकडच्या टीमच्या पोराच्या नडगीला ग्लव्ह लावलास आणि मी त्याला सेफ दिलं, नाबाद. ग्लव्हमध्ये बॉल असता तर तो आउट, पण मला बॉल धुळीत सुटलेला दिसला होता. निदान तेव्हा तसं वाटलं. गुरुवारच्या पेपरातला फोटो आजही माझ्यापाशी आहे. ग्लव्ह पायाला टेकलेला, पाय प्लेटपासून वीतभर लांब. आउट होता. माझे डोळे चुकले.

तो ग्लव्ह मला देशील? तुला नको असेल तरच.

तुझा,
नॉर्बर्ट थीलेन


टुसॉन, ॲरिझोना
२ मार्च २००३

मिस्टर थीलेन यांस,

तुमचं पत्र म्हणजे कमालच! मुलीला दाखवलं, म्हटलं हे आमचे बसवाले. एकदा बर्फात बस अडकली होती आणि तुम्ही आम्हाला सगळ्यांना गाणी म्हणायला लावली होती, ते तिला सांगितलं.

मिसेस थीलेन गेल्याचं मला माहीत नव्हतं. वाईट वाटलं. इकडे आल्यापासून तिकडचं काही कळत नाही.

ग्लव्हचं म्हणाल तर खरंच आठवत नाही. मी इथे एसी दुरुस्तीचं काम करतो, तीनदा घर बदललं, बायको वेगळी झाली तेव्हा निम्मं सामान तिच्याकडे गेलं. गॅरेजमध्ये बघतो, पण आशा धरू नका.

आणि एक सांगू का? सोडून द्या हो आता ते. खेळच होता शेवटी. बिअर प्यायला जमलेली चारशे माणसं आणि गाईच्या कुरणातलं मैदान. कोणाला आठवतंय?

तब्येतीला जपा.

गॉर्डन रिप्के


लेक वेंडेल
१४ मार्च २००३

प्रिय गॉर्डन,

कोणाला आठवतंय म्हणतोस, म्हणून लिहितो. तू तेव्हा बावीस वर्षांचा होतास, तुझ्यापर्यंत सगळं आलं नसेल.

त्या रविवारनंतर सप्टेंबरात शाळा सुरू झाली आणि मी पुन्हा बसवर गेलो. पहिल्याच दिवशी थांब्यावर एक आई पोराचा हात धरून उभी राहिली, चढू देईना. म्हणाली, "वीतभर अंतरावरचं दिसत नाही तुम्हाला. हे डोळे घेऊन आमची पोरं नेता?" मी सेंट क्लाउडला जाऊन डोळे तपासून आलो. डॉक्टर म्हणाले, उत्तम आहेत. तो कागद बसच्या काचेला आतून चिकटवला. त्याच्यावर कोणीतरी पेन्सिलीने चष्म्याचं चित्र काढून ठेवलं. नाताळात मी बस सोडली. पुढची अठरा वर्षं लोण्याच्या कारखान्यात टाक्या धुतल्या.

ते एक वेळ ठीक. पण रोझेला तुमच्या सेंट ओडिलची, आणि तिचा भाऊ लिओ तुमच्या टीमचा मॅनेजर. त्याने आमच्या घरी पाऊल टाकायचं बंद केलं. भाऊ आला नाही म्हणून ती दर नाताळात कोणाला कळणार नाही अशी रडायची. मला मात्र कधी एक शब्द बोलली नाही. एकदाच म्हणाली, "माणूस चुकतो, नॉर्ब. मी तुला केव्हाच माफ केलंय."

म्हणून ग्लव्ह हवा होता. आपली चूक हातात धरून बघता आली की ती जरा लहान होते, असा मला बाकीच्या वस्तूंनी अनुभव दिलाय. नसेल सापडत तर राहू दे. गॅरेजमध्ये उकाड्यात जास्त वेळ काढू नकोस.

नॉर्बर्ट


टुसॉन
९ एप्रिल २००३

मिस्टर थीलेन यांस,

सापडला! सोबतच्या खोक्यात आहे. हीटरच्या मागे पडला होता. मनगटाच्या पट्ट्याजवळ माझी आद्याक्षरं अजून दिसतात. पैसे वगैरे काही नको, पोस्टाचेसुद्धा नकोत.

आता तुमच्या मनाला स्वस्थता मिळू दे.

गॉर्डन


लेक वेंडेल
२२ एप्रिल २००३

प्रिय गॉर्डन,

खोकं मिळालं. तू मनाने किती चांगला आहेस ते मला कळलं, म्हणून खरं ते लिहायला धीर होतोय. वाईट वाटून घेऊ नकोस.

हा तो ग्लव्ह नव्हे.

ह्या नादात राहून माणूस काही गोष्टी शिकतो. जुन्या चामड्यावर आधी अक्षरं लिहिली असतील तर नंतर पडणारी भेग अक्षराला मधोमध तोडते आणि भेगेच्या आत चामडं फिकं राहतं. इथे शाई भेगांच्या आत उतरली आहे. म्हणजे भेगा आधीच्या आणि अक्षरं नंतरची. मी पेपरातला फोटो भिंगाखाली धरून पाहिला. तुझ्या ग्लव्हच्या करंगळीपाशी बुटाची नाडी दोन गाठी मारून बांधलेली होती. ह्याला तसलं काही नाही, नाडी ओवायला भोकही नाही.

मी ओळखलं काय झालं ते. तुझा ग्लव्ह केव्हाच हरवला असणार. माझं दुसरं पत्र वाचून तुला माझी दया आली आणि म्हाताऱ्याचं मन राखायला तू कुठूनतरी जुना ग्लव्ह मिळवून त्यावर अक्षरं काढलीस. एवढे कष्ट माझ्यासाठी कोणी घेतलेले नाहीत बऱ्याच दिवसांत. ज्या पोराचा मी सामना घालवला, त्यानेच घ्यावेत! मला लाजल्यासारखं झालं.

ग्लव्ह परत पाठवू का? नाहीतर ठेवून घेतो, तुझी आठवण म्हणून.

नॉर्बर्ट


टुसॉन
२९ मे २००३

मिस्टर थीलेन,

महिनाभर रोज लिहायला बसतो आणि उठतो. तुम्ही शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं. तुम्ही आभार मानलेत.

ग्लव्ह हरवलेला नव्हता. एकोणतीस वर्षं तो माझ्याबरोबर आहे, तिन्ही घरांत होता. आज पाठवतोय. खोकं उघडलंत की अंगठा आणि पहिलं बोट ह्यांच्यामधली चामड्याची जाळी बघा. एक वादी तुटलेली आहे. ती त्या क्षणी तुटली. मी ग्लव्ह त्याच्या नडगीला लावला तेव्हा बॉल जाळीतून खाली पडला होता, माझ्या गुडघ्याखाली, धुळीत. मी उघड्या हाताने तो उचलला, ग्लव्हमध्ये कोंबला आणि ग्लव्ह वर धरला. फोटोत ग्लव्ह दिसतो. बॉल दिसत नाही, कारण तो ग्लव्हमध्ये नव्हताच.

तुम्ही बरोबर होतात. तुम्हाला जे दिसलं तेच घडलं होतं.

ही तुटलेली वादी तुमच्यासारख्या जाणत्याच्या नजरेतून सुटणार नाही, म्हणून दुसऱ्याच ग्लव्हवर अक्षरं काढली. ज्या डोळ्यांना मी सगळ्या मुलखात आंधळं ठरवलं, त्याच डोळ्यांनी माझी दुसरी लबाडीही पकडली. आणि त्यातही तुम्हाला माझा चांगुलपणा दिसला.

मैदानावरचं एक वेळ मी समजू शकतो. चारशे माणसं ओरडत होती, तुम्ही विचारलंत, "गॉर्डन, सुटला होता ना?" आणि तोंडातून 'नाही' निघून गेलं. पण पुढच्या आठवड्यात तुम्ही गिरणीवर आलात. मी पोती लावत होतो, आजूबाजूला कोणी नव्हतं. टोपी हातात घेऊन उभे होतात. म्हणालात, "पोरा, मी कोणाला सांगणार नाही. फक्त मला कळू दे, माझे डोळे गेलेत का." आणि मी म्हणालो, "देवाशपथ सांगतो, बॉल हललासुद्धा नाही." तुम्ही मान हलवलीत आणि माझी माफी मागून गेलात.

तोवर गावाने मला डोक्यावर घेतलं होतं. 'लुटला गेलेला पोरगा' म्हणून बिअर फुकट मिळायची. जिच्याशी पुढे लग्न केलं तीही पहिल्यांदा त्याबद्दलच बोलायला आली होती. खरं सांगितलं असतं तर काय उरलं असतं माझ्यापाशी? बस तुम्ही सोडलीत ते मला तेव्हाच कळलं होतं. 'तुझ्यापर्यंत आलं नसेल' असं तुम्ही लिहिलंत. आलं होतं. अठ्ठ्याहत्तरमध्ये मी इकडे पळून आलो.

काय करू ते सांगा. सांगाल ते करीन.

गॉर्डन


लेक वेंडेल
३० जून २००३

गॉर्डन,

ग्लव्ह मिळाला. वादी पाहिली.

महिनाभर उत्तर दिलं नाही, कारण जे लिहीत होतो ते पाठवण्यासारखं नव्हतं.

रोझेलाने मला माफ केलं होतं. जे मी केलंच नव्हतं त्याबद्दल. आणि मी ती माफी घेतली, पंचवीस वर्षं तिचे उपकार मानले. आता तिला सांगू कसं?

दोन गोष्टी कर. लिओला पत्र लिही. तो चौऱ्याऐंशीचा आहे, लवकर लिही. आणि १६ ऑगस्टला सेंट ओडिलच्या मैदानावर जुन्या खेळाडूंना बोलावलंय. ये, आणि सगळ्यांसमोर बोल.

थीलेन


टुसॉन
१९ ऑगस्ट २००३

मिस्टर थीलेन,

तुम्हाला न भेटता निघून आलो. त्याबद्दल आधी लिहितो, कारण बाकीच्यापेक्षा तेच जास्त टोचतंय.

लिओला जुलैच्या पहिल्या आठवड्यात पत्र टाकलं होतं. उत्तर आलं नाही. मैदानावर तो पुढच्या रांगेत बसला होता, वॉकरवर हात ठेवून. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

माझं नाव पुकारताना क्लबचा तो पोरगेला अध्यक्ष काय म्हणाला ते तुम्ही ऐकलंत. "आणि हा आपला लुटला गेलेला कॅचर!" लोक हसले. मी कागद लिहून नेला होता, पण तो खिशातच ठेवला आणि तोंडीच सांगितलं. बॉल सुटला होता. मी उचलून लपवला. मिस्टर थीलेन यांचा निर्णय बरोबर होता. मी गिरणीवर देवाची शपथ खोटी घेतली. त्यांची बसची नोकरी माझ्यामुळे गेली.

मला वाटलं होतं, कोणीतरी थुंकेल. कोणी उठून जाईल. त्याची मी तयारी केली होती. पण मागून कोणीतरी ओरडलं, "काय डोकं चालवलंस रे, रिप्के!" आणि टाळ्या पडल्या. मिस्टर थीलेन, त्यांनी टाळ्या वाजवल्या! कोणी पाठीवर थाप मारली, कोणी हातात बिअर कोंबली. एक माझ्या वयाचा मला म्हणतो, "अजून अर्धा सेकंद आधी उचलला असतास तर अंपायरला काही दिसलंच नसतं." अध्यक्ष म्हणाला, ग्लव्ह क्लबच्या काचेच्या कपाटात ठेवू, वर पाटी लावू, लोकांना किस्से आवडतात.

ज्यांनी तेव्हा तुमच्या नावाने बोंब मारली होती त्यातले निम्मे चर्चमागच्या स्मशानात आहेत आणि उरलेले हसत होते. मी एवढी मोठी शरम घेऊन आलो होतो आणि ती घ्यायला तिथे कोणी नव्हतं. ती मी चुटकुल्यासारखी सांगितली की काय, असं मला वाटायला लागलं.

मग तुम्ही दिसलात. मागच्या कुंपणापाशी उभे, हात खाली सोडलेले. तुम्ही एकटेच टाळ्या वाजवत नव्हतात. मला तुमच्यापर्यंत चालत यायचं होतं. पाय उचलले ते गेटकडे वळले. हातात बिअर तशीच होती, ती गाडीपाशी ओतली आणि सरळ विमानतळ गाठला.

सव्वीस वर्षांचा होतो तेव्हाही पळालोच होतो. एक्कावन्नाव्या वर्षीही तेच केलं.

गॉर्डन


लेक वेंडेल
३१ ऑगस्ट २००३

प्रिय गॉर्डन,

तू गेटबाहेर पडल्यावर काय झालं ते तुला कोणीतरी सांगायला हवं, आणि ते सांगणारा मीच आहे असं दिसतंय.

तुझी पाठ वळली तोवर लिओ उठला होता. वॉकर घेऊन माइकपर्यंत जायला त्याला दोन-तीन मिनिटं लागली. लोकांना वाटलं हा आणखी एक किस्सा सांगणार, ते आधीच हसायला लागले. अध्यक्षाने माइक खाली करून दिला. लिओ म्हणाला, "टाळ्या कसल्या वाजवता रे?"

लोक गप्प होईनात. तेव्हा तो त्याच्या जुन्या आवाजात ओरडला. तुला आठवत असेल तो आवाज, धावताना चुकलात की तो असा ओरडायचा की कुरणातल्या गाई माना वर करायच्या. "टाळ्या कसल्या वाजवता! त्या दिवशी ह्या माणसाला सगळ्यांत घाण शिव्या मी दिल्या. माझ्या सख्ख्या बहिणीच्या नवऱ्याला. बहीण दर नाताळाला फोन करायची, मी घ्यायचो नाही. ती गेली तेव्हा चर्चमध्ये शेवटच्या बाकावर बसलो आणि ह्याच्याशी न बोलता मागच्या दाराने निघून आलो. आणि हा बरोबर होता! वाजवा आता टाळ्या."

एक जण खोकला, तेवढंच. मग लिओ माझ्याकडे वळला आणि म्हणाला, "नॉर्ब, तो सेफ होता."

तेव्हा मला आनंद व्हायला हवा होता, गॉर्डन. हे शब्द ऐकण्यासाठी मी काय दिलं नसतं! पण मी बुटांकडे बघत उभा राहिलो. मला लाज वाटत होती, आणि कशाची ते त्या वेळी कळेना. घरी येऊन आठवडाभर विचार केला तेव्हा कळलं. बॉल धुळीत पडलेला मी पाहिला होता. सहा फुटांवरून, लख्ख उन्हात. मग चार लोक ओरडले, पेपरात एक चित्र आलं, तू शपथ घेतलीस, आणि मी माझ्या डोळ्यांना सोडून तुमच्या बाजूला गेलो. जे पाहिलं त्याच्यापाशी उभं राहणं एवढंच अंपायरचं काम असतं. ते मी केलं नाही. रोझेलाला मी म्हणू शकलो असतो, "मी चुकलो नाही, रोझी, माझ्यावर विश्वास ठेव." तिने ठेवला असता. मी तिला तशी संधीच दिली नाही, डोकं खाली घालून माफी मागत बसलो. तुझ्या खोटेपणाचा हिशेब तुझा तू कर. हा भाग माझा आहे, तो तुझ्यावर टाकणार नाही.

लिओला मीच माझ्या गाडीतून घरी सोडलं. त्याच्या दारापाशी गाडी थांबवली तरी तो उतरेना. म्हणाला, "आता मी तुला काय म्हणू?" मी म्हटलं, "काही नको म्हणू." तुझं पत्र त्याच्या शर्टाच्या खिशात होतं, घड्या पडून मऊ झालेलं. उत्तर लिहायला घेतो आणि हात आखडतो, म्हणाला. त्याची सून खिडकीतून डोकावून गेली. शेवटी तो म्हणाला, "रोझेला लहानपणी मला चुका दाखवायची आणि मी तिला मारायचो." आणि रडायला लागला. मी त्याच्या पाठीवर हात ठेवला. त्याच्या अंगाला हात लावायची ती माझी पहिलीच वेळ असेल.

अध्यक्ष दोन दिवसांनी ग्लव्ह मागायला आला. चांगला पोरगा आहे, त्याला कळत नाही एवढंच. मी दिला नाही. कारण विचारलं तर सांगितलं, "तुम्ही हसाल."

तुझ्या पळून जाण्याबद्दल. तू आलास, बोललास, कागद न बघता बोललास. टाळ्या पडल्या तो दोष तुझा नाही. तुझा चेहरा मी पाहिला, कुंपणापासूनसुद्धा मला स्पष्ट दिसत होता.

माफीचं तू ह्या पत्रात विचारलं नाहीस, पण मनात असेल. 'माफ केलं' असं मी दोनदा लिहिलं आणि दोन्ही कागद फाडले. ते अजून खरं नाही, आणि तुझ्या-माझ्यात आता खोटं एकही नको. कधी खरं होईल का, तेही मला माहीत नाही.

पुढच्या उन्हाळ्यात इकडे येणं झालं तर गेटकडे वळू नकोस. माझ्याकडे ये. तेव्हाही काय बोलायचं ते मला सुचलेलं नसेल. कॉफी करीन.

नॉर्बर्ट